मामांनी पाठवलेला अंगठा

आमच्या कंपनीत तोंडानं बोलणं जवळजवळ बंदच झालंय. शिफ्ट बदलली, मटेरियल संपलं, साहेब येणार, सगळं ग्रुपवर टाकायचं. खाली अंगठे आले की विषय संपला. त्यामुळं बहिणीच्या लग्नाची आमंत्रणं द्यायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मी चहाच्या सुट्टीत अख्ख्या गोतावळ्याला मोबाईलवरून पत्रिका पाठवून मोकळा झालो. मामांचा अंगठा तर सगळ्यांच्या आधी आला.

"मामाला सांगितलं का रं?" वडिलांनी विचारलं.

"सांगितलं. कन्फर्म हाय."

वडिलांना वाटलं, पोरगं नारळ घेऊन दौंडकडं मामांच्या घरी जाऊन आलं. मामाची पत्रिका पहिली, आणि तीही घरी जाऊन द्यायची, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण अंगठा आला होता ना. मी निवांत.

लग्नाच्या दिवशी सकाळी शिरूरला हळद लागली आणि मामांचा पत्ताच नाही. मुहूर्त संध्याकाळचा, आणि नवरीला मांडवात मामानंच आणायचं. मी फोन लावला.

"पोचली पत्रिका. फोटो झ्याक आलाय," मामा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

बहीण पाटावरून उठली. "आई तर न्हाई. मामाबी नसला तर मी मांडवात पाऊल टाकणार न्हाई." ती बोलली म्हणजे तसंच करते. वडिलांनी माझ्याकडं असं बघितलं की मी अनवाणीच गाडीला किक मारली.

तोंड हळदीनं पिवळं, खिशात अक्षता, हँडलला नारळाची पिशवी. न्हावऱ्याला टपरीवरचा एक बाबा हात करून म्हणाला, "नवरदेव, मांडव मागं ऱ्हायला." मला इतकं हसू आलं की गाडी खड्ड्यात जाता जाता वाचली.

मामांच्या दारात पोचलो तर काय, जीप धुऊन उभी. मामी नव्या साडीत, मांडीवर आहेराची पिशवी. आणि मामा डोक्याला फेटा बांधून ओट्यावर बसलेले. पहाटेपासून तयार होते म्हणे.

"ये. काय काम काढलंस?" ते म्हणाले.

मी कुंकू लावलं, नारळ हातात दिला. "मामा, तायडीचं लग्न हाय. तुम्ही आन् मामी या."

"कवा हाय?"

"आज."

"आज? लई उशिरा सांगतूस रं."

मामी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मीही हसत सुटलो. मामा मात्र नारळाची शेंडी कुरवाळत बसले होते.

"माझी बहीण गेली," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, आता त्या घराला माझं दार आठवत न्हाई."

मी त्यांचे पाय धरले. मला माझीच लाज वाटली.

"ऊठ. मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबतोय व्हय?" म्हणत त्यांनी मला जीपमध्ये कोंबलं. माझी मोटरसायकल आठवडाभर त्यांच्याच गोठ्यात राहिली.

संध्याकाळी मामा बहिणीचा हात धरून मांडवात आले. माझ्याजवळून जाताना थांबले, डोळ्यांत बघितलं आणि अंगठा दाखवला. मी हसायला लागलो आणि हसता हसता हुंदकेच फुटले. शेजारची म्हातारी पाठीवर हात फिरवत म्हणाली, "आत्ताच नको रडू लेकरा, पाठवणीला अजून येळ हाय."