बैलावरचा दावा

माझं लग्न मुन्सफाशी ठरलं तेव्हा वडीगोद्रीच्या आमच्या भावकीत एकच चर्चा होती: नवरदेवाला मराठी येतं का? येत होतं. पण शिक्षण हैदराबादेत, कामकाज उर्दूत. माझे यजमान स्वप्नंसुद्धा उर्दूत बघायचे आणि मला मराठीत सांगायचे. निम्मं वाटेतच सांडायचं.

पहिली नेमणूक अंबडला झाली. निजामाच्या राज्यात न्यायाधीश तालुक्याला मुन्सफ म्हणून यायचा आणि कचेरीला लागूनच राहायचा. आमच्या घराची नि कचेरीची भिंत एकच होती आणि त्या भिंतीत एक दगडी जाळी होती. बांधणाऱ्यानं ती हवेसाठी ठेवली असणार. मी मात्र ती माझ्यासाठीच ठेवलीय असं धरून चालले. तांदूळ निवडायला उजेड नेमका तिथंच यायचा.

घरात कायदा कडक. मुकदम्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. कुणाकडून कोथिंबिरीची काडी घ्यायची नाही. विरजण मागायला कुणी आली तर हे आतून विचारायचे, "हिचे यजमान कोण?" बिचारी दह्याविना परत जायची.

एका सकाळी मी सूप घेऊन बसले होते. कचेरीच्या अंगणातल्या लिंबाला एक पांढरा बैल बांधला होता, आणि वाद त्याच्याबद्दलच होता. शहागडच्या बाजूचा एक शेतकरी म्हणत होता, बैल माझा, चरता चरता नदीकाठी गेल्ता, यानं धरून ठेवला. नदीकाठचा म्हणत होता, मी बाजारातून रोख घेतला. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली. एका बैलावर तिफण चालत नाही. शेतकऱ्याच्या दावणीला जोडीतला दुसरा बैल एकटाच उभा होता. बैल मिळाला तर रान पेरलं जाणार, नाहीतर वर्षभर पडीक. वकील करायची ऐपत नव्हती. माणूस एकटाच हात जोडून उभा.

यजमानांनी हैदराबादी अदबीनं विचारलं, "आप बताइए. या बैलावर तुमचा दावा आहे?"

'आप' ऐकून शेतकऱ्यानं मागं वळून पाहिलं, कुणी मोठा माणूस आला का म्हणून. मग म्हणाला, "माझं? न्हाई सरकार. माझं होतं ते यानं कवाच काढून फेकलं. आता बैलावर याचंच दावं हाय."

माझ्या हातातलं सूप कलंडलं.

दावा म्हणजे फिर्याद हे त्या माणसाला ठाऊक नसेल असं नाही. पण डोळ्यांसमोर बैल, बैलाच्या गळ्यात दुसऱ्याची दोरी! आमच्याकडं त्या दोरीला दावं म्हणतात. बैलाकडं बोट दाखवून विचारलंत तर शेतकरी दोरीचंच सांगणार.

यजमानांना वाटलं, दावं म्हणजे दाव्याचं खेडवळ रूप. बयान लिहून घेणारे पेशकारही हैदराबादचेच. त्यांनी झरझर उर्दूत उतरवलं, की बैलावर आपला दावा नाही, समोरच्याचा आहे, असं फिर्यादी स्वतःच कबूल करतो. नदीकाठचा मिशीत हसला. त्याला दोन्ही अर्थ बरोबर कळले होते.

"खाने के बाद फैसला," यजमान म्हणाले आणि जेवायला उठले.

आता आली का पंचाईत! बोलावं तर घरचा कायदा मोडतो, न बोलावं तर बैल जातो. मी गरम भाकरी ताटात वाढली आणि चेहरा पाडून उसासा सोडला.

"काय झालं?"

"काय सांगू! आपल्या वासरावर शेजाऱ्यांचं दावं आहे."

घास तोंडाशी थांबला. मुन्सफाच्या घरावर मुकदमा! "दावा? कधी केला?"

"काल. त्यांच्या सूनबाईंनी स्वतः आणून गळ्यात घातलं."

"कुणाच्या गळ्यात?"

"वासराच्या."

"बगैर नोटीस?"

"अहो, दोरी बांधायला कसली नोटीस?"

"दोरी?"

"दावं म्हणजे दोरी. तुमच्या हैदराबादेत जनावरं काय पायजम्याच्या नाडीनं बांधतात?"

यजमानांनी घास खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं, जाळीकडं पाहिलं, परत माझ्याकडं. "तुम्ही तिथं बसता?"

"तांदूळ निवडते. मी मुकदम्याचं एक अक्षर बोलले का?"

"नाही," ते म्हणाले. न जेवताच गेले.

जाळीतून आवाज आला, "आप बताइए. हा बैल कुणाचा?"

"माझा, सरकार! माझ्या गाईच्या पोटचा!"

मग हुकूम झाला: एकानं बैल विकणारा आणावा, दुसऱ्यानं बैल ओळखणारे आणावेत. पुढच्या तारखेला शेतकऱ्यामागं निम्मं गाव उभं होतं. नदीकाठच्याचा विकणारा काही उगवला नाही. बैल शेतकऱ्याला मिळाला.

पण हरलेला माणूसही कायद्याचा पक्का. लिंबाखाली जाऊन त्यानं बैलाच्या गळ्यातली दोरी सोडली. "फैसल्यात बैल हाय. दावं माझं हाय, ह्यानंच बयानात लिहून दिलंय." आणि दोरी खांद्यावर टाकून चालता झाला. मोकळा बैल पेशकारांच्या सावलीला येऊन उभा राहिला. पेशकार खुर्चीवर चढले.

कुणाला काही न देणारे, कुणाचं काही न घेणारे यजमान जाळीकडं तोंड करून ओरडले, "अहो! एक दावं द्या!"

मी वासराच्या गळ्यातलं काढून दिलं. शेतकरी बैल घेऊन गेला आणि मोकळ्या वासरानं गाय पार रिकामी केली. संध्याकाळी यजमान बिनदुधाचा चहा प्यायले. कप खाली ठेवून, न्यायासनावर बसल्यासारखे ताठ होऊन म्हणाले, "ते दावं तर शेजाऱ्यांचं होतं ना? त्यांना आता काय सांगणार?"

"काही नाही," मी म्हणाले. "त्यांनी दावा मागे घेतला."