डोंगराचा फोन

हवामानाच्या अंदाजावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि तरी आश्विन लागला की मी दिवसभर तोच बघत बसते. अकोल्यात ऑफिसात बघते, ऑटोत बघते, भाजी निवडताना बघते. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस.’ बाबा विचारायचे, “हे तुरळक ठिकाण कोन्त्या तालुक्यात येते वं?” अमरावती जिल्ह्याचा अंदाज एकच देतात, त्यात मेळघाटाचे डोंगरही आले आणि वरूडकडच्या सपाटीवरच्या संत्र्याच्या बागाही. डोंगरात धो धो आणि खाली नुसती धूळ, असं आमच्याकडे एकाच दुपारी होतं. अंदाज देणाऱ्याचं काय जातं? त्याची सोयाबीनची गंजी थोडीच उघड्यावर पडलेली असते!

आमची असते. आमचं घर हिवरखेडला. घरामागं खळं, आणि खळ्यातून उत्तरेला पाहिलं की सातपुडा, मेळघाट त्याच डोंगरातला. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून आणलं की त्या खळ्यात गंजी लावायची आणि थ्रेशरवाल्याची वाट बघायची. पुण्याची माझी एक मैत्रीण म्हणाली, “मग झाकून टाका ना सरळ.” बाई गं, इतकं सोपं असतं तर! ओलसर गंजी झाकली की आत वाफ धरते, दाणा काळा पडतो. उघडी ठेवली आणि पाऊस आला की शेंगेतच कोंब फुटतात. इकडे आड, तिकडे विहीर. ताडपत्री टाकायची कधी आणि काढायची कधी, एवढंच काय ते शहाणपण, आणि आमच्या घरात ते दादाकडे होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मेळघाटातल्या एका गावात शिक्षक होता. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, “डोंगराले कोन पोरगी देते?” त्याच्या गावात रेंज नव्हती. शाळा सुटली की तो मागच्या टेकडीवर चढायचा, चारी बाजूंचं आभाळ बघायचा आणि तिथून घरी फोन लावायचा. “बाबा, ढग भरून राहिले. वारा तुमच्याकडं हाये. झाका.” नाहीतर, “डोंगर उघडा हाये. झोपा निवांत.” तो उघडा म्हणाला की बाबा ताडपत्रीला हात लावायचे नाहीत, मग टीव्हीवरचा माणूस काही का बोंबलेना. आम्ही त्याला डोंगराचा फोनच म्हणायचो. तो कधी चुकलाच नाही असं मी म्हणणार नाही. बाबा म्हणायचे.

सुट्टीत दादा घरी असला की ताडपत्री टाकताना गंजीवर चढायचं काम त्याचं. बाबांनी आम्हा दोघांना कधी नावानं हाक मारली नाही. तो मोठ्या, मी लहानी. “मोठ्या, वरचं टोक धर! लहाने, तू मधात येऊ नको!” माझ्या केसांत पांढरं आलं तरी माझं आपलं ‘मधात येऊ नको’च.

यंदा श्रावणात दादा गेला. शाळेतून आला, छातीत दुखतं म्हणाला, खाटेवर आडवा झाला. घाट उतरून दवाखान्यापर्यंत गाडी येईतो संपलं होतं. इतकंच लिहिते. याहून जास्त माझ्यानं लिहवत नाही.

कोजागिरीला आमच्याकडे पहिल्या लेकराला ओवाळतात. आश्विनी म्हणतात त्याला. पाट, नवे कपडे, कपाळावर कुंकू, सगळं जेठ्या लेकराचं. मी दरवर्षी फुगून बसायची, “मी काय उकिरड्यावर सापडली का?” मग दादा पाटावरून सरकून मला अर्धी जागा द्यायचा आणि आई मला तिथून उठवायची. पुढं नोकरीमुळं त्याला येता आलं नाही, तर आई उत्तरेकडे तोंड करून रिकामा पाट मांडायची आणि त्याचा टेकडीवरून फोन आला की विचारायची, “दिसला का रे चंद्र?” तो हो म्हणाला की निरांजन ओवाळायची. त्याच्याकडे ढग असले की थांबायची. आमचा चंद्र कडुनिंबाच्या वर चढून जायचा, दूध आटून खवा व्हायचा, ही बाई आपली तबक घेऊन उभी! मी चिडवायची, “आई, चंद्र एकच असतो.” ती म्हणायची, “त्याले दिसला पायजे.”

यंदा सण नव्हताच. दुखवट्याचं वर्ष. पण आठवडाभर आधी मी घरी गेले होते तेव्हा काकी आली आणि माझ्यासमोर आईला म्हणाली, “दूध नोको आटवू, पन आश्विनी खंडू नोको. आता जेठी हेच. औंदा पाटावर हिले बसव.” आई खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. मला त्या पाटावर बसायचं नव्हतं. मी तिथं बसले की दादा गेला हे आमच्या घरानं कबूल केलं, असं होणार होतं. मला ते सोसणार नव्हतं.

म्हणून सगळं गाव ‘देवा, चार दिवस उघाड दे’ म्हणत असताना मी एकटी ढगांची वाट बघत होते. चंद्रच निघाला नाही तर कुठलं ओवाळणं? कोजागिरीच्या दुपारी अकोल्याहून बसनं निघाले तेव्हाही खिडकीतून आभाळच बघत होते. मैदानावर लख्ख ऊन. सातपुड्यावर मात्र काळं गच्च.

संध्याकाळी चंद्र निघाला. मेला, एरवी ढगाआड दडून बसतो, त्या दिवशी चांगला परातीएवढा निघाला. बाबा मागच्या दारात, उघड्या गंजीसमोर, ताडपत्रीजवळ बसले होते, डोंगराकडे बघत. आईनं मागच्या ओसरीत उत्तरेकडे तोंड करून पाट मांडला. तबकात निरांजन ठेवलं. आता म्हणेल, बस.

ती म्हणाली, “तुया फोनात पाय वं, तिकडं काय हाये. डोंगरात.”

आईनं जन्मात कधी मला हवामान विचारलं नव्हतं. मी फोन काढला. मेळघाटात विजा, जोराचा पाऊस, रात्रभर. हे सांगितलं असतं तर ती थांबली असती. तबक घेऊन तशीच उभी राहिली असती, आणि कोणाचा फोन येणार होता तिला?

“उघडलं आई,” मी म्हणाले. “डोंगर उघडा हाये. चंद्र दिसून राहिला.”

आईनं निरांजन लावलं. रिकाम्या पाटाला ओवाळलं, त्याच्यावर अक्षता टाकल्या, लाकडालाच कुंकू लावलं. बोटाला उरलेलं माझ्या कपाळाला पुसलं. “काकीचं नोको आयकू,” ती म्हणाली. “तू लहानीच राय, माय.” मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. श्रावणात रडले नव्हते तेवढी रडले.

डोळे पुसून बघते तर बाबा उठलेले. ताडपत्रीची घडी करत होते. “डोंगर उघडा हाये,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि आवाज अगदी मागच्या वर्षीचा. घडी उचलून कोठ्यात ठेवून आले. मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. पण आईसमोर कोणत्या तोंडानं सांगू?

निरांजन विझायच्या आत वारा आला. उत्तरेकडून, गार. चंद्र गेला आणि बोराएवढे थेंब पडायला लागले. बाबा कोठ्याकडे धावले, मी त्यांच्यामागं, आई पदर खोचून माझ्यामागं.

“लहाने, उघडा हाये म्हने ना तू?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. तिनं ताडपत्रीची खालची बाजू धरली. आम्ही ती ओढत खळ्यात नेली, पण वारा तिला गंजीवर बसू देईना. खालून दगड ठेवावेत तर वरून सुटायची, आणि खाली सोयाबीन भिजत होतं.

“मोठ्या!” बाबा ओरडले. “वरचं टोक धर रे!”

आई जागच्या जागी थांबली. बाबाही थांबले, तोंड उघडं ठेवून, पावसात. ताडपत्री फडफडत राहिली.

मी गंजीवर चढले. पाय मांडीपर्यंत आत गेले, काड्या टोचल्या. वरचं टोक हातात आलं, ते छातीशी ओढून घेतलं आणि त्याच्यावर बसले.

“धरलं, बाबा,” मी म्हणाले.