मावशीचा आजार

मावशी स्तनाच्या कॅन्सरनं गेली तेव्हा मी पस्तिशीची होते. तीन वर्षांनी आईलाही गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "मावशी आणि आई, दोघींना झालाय. आता तुम्ही सांभाळून राहायचं. दर सहा महिन्यांनी दाखवत जा." आई शेजारच्याच खुर्चीत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

पुढची दोन वर्षं मी रोज आंघोळीला बसले की स्वतःला चाचपायचे. तपासणीच्या आदल्या आठवड्यात घास उतरायचा नाही. मी नसले तर कुणाकुणाला फोन करायचा, ते मुलीच्या वहीत लिहून ठेवलं होतं. आईला हे सगळं माहीत होतं. कोल्हारहून फोन करायची, "काय म्हनल्या डॉक्टरीन?" यंदा काही निघालं नाही म्हटलं, की म्हणायची, "देव पावला."

मग डॉक्टरांनी रक्ताची एक खास तपासणी सुचवली. घराण्यातला दोष माझ्यात उतरला असेल, तर आधीच ऑपरेशन करता येईल म्हणाल्या. मी तयार झाले. ते कळल्यावर वडील सकाळच्या एसटीनं एकटेच माझ्याकडे आले. चहाला हातही लावला नाही.

"ती तपासनी करू नको," म्हणाले. "तुझं न् तिचं रक्त येक न्हाई. सहा महिन्याची हुतीस, आमी तुला संस्थेतून आनली."

एवढं बोलून ते अनवाणीच अंगणात जाऊन उभे राहिले.

नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. "मग चांगलंच झालं की! सुटलीस." सुटले खरी. पण चाळीस वर्षं मी आरशात आईचं नाक बघत आले होते, त्याचं काय करायचं ते त्याला विचारता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोल्हारला गेले. आई मेथी निवडत बसली होती.

"मी भीतीनं अर्धी झाले, आणि तू देव पावला म्हणायचीस?"

ती खाली बघूनच म्हणाली, "भ्यायचीस, पन माझी म्हनून भ्यायचीस."

"संस्थेचा कागद कुठंय?"

"तुझ्या लग्नाच्या टायमाला बंबात घातला. सासरच्यांच्या हाताला लागला असता."

वडिलांना पत्ता आठवत होता. मी जाऊन आले. तिथं आता मंगल कार्यालय आहे. संस्था कुठं हलली, ते आजूबाजूला कुणालाच सांगता आलं नाही.

यंदा आईचा आजार उलटलाय. दर तीन आठवड्यांनी मी तिला नगरला नेते, सलाईन संपेपर्यंत शेजारी बसते. परवा नर्स म्हणाली, "मावशी, नशीबवान आहात, लेक किती करते!" आईचा चेहरा खुलला. तिनं माझा हात धरायला हात पुढं केला. मी मोबाईलमध्ये बघत राहिले.