बिशपबाईंचा एकच प्रश्न

चर्चच्या मंडळीतल्या बायका तिला बिशपबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून. खरं तर ती कपडे दुरुस्त करणारी. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, ढगळ झालेला झगा अंगासरसा करायचा, हे तिचं काम. पण चर्चच्या मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून पुस्तकं नेणारी अख्ख्या मंडळीत ती एकटीच. तारणाचा सिद्धांत, न्यायाचा दिवस, पुनरुत्थान. ज्यांची पाठ बघूनच माणसाला जांभई यावी असली जाडजूड पुस्तकं ती कापडी पिशवीत घालून न्यायची आणि पंधरवड्यानं परत आणायची. कपाटाच्या वहीत वरपासून खालपर्यंत एकच अक्षर.

"या खेपेला काय, बाई?" चर्चचे सेक्रेटरी विचारायचे.

"अंतिम न्याय."

"अरे बापरे! तिथं आमचीही दोन शब्दांत शिफारस करा हो."

ती हसायची. हसण्यावारी गेलं की पुढचं कुणी विचारत नाही.

पुढचं असं होतं, की तिचा नवरा नळदुरुस्ती करायचा. चर्चच्या टाकीचा पाइप त्यानं बसवला, तो महिनाभरात गळायला लागला, आणि पंचांनी त्याला न विचारता दुसरा माणूस बोलावला. झालं, गड्याचं डोकं फिरलं. "माझं नाव खोडा तुमच्या रजिस्टरातून," असं भर बैठकीत सांगून तो बाहेर पडला, तो नऊ वर्षं आत आला नाही. दर रविवारी तिला फाटकापर्यंत सोडायचा आणि उपासना संपेतो समोरच्या कठड्यावर बसून राहायचा. ती म्हणायची, "अहो, इतके आलात, चार पावलं आणखी चला." तो म्हणायचा, "तू जा. तुझं झालं की हाक मार." अडीच वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुसऱ्याच्या बेसिनखाली वाकलेला असताना तो गेला. ना प्रभुभोजन, ना प्रार्थना, ना पाळकांशी समेट.

तो आता कुठे असेल, एवढंच तिला पुस्तकांना विचारायचं होतं.

पाळकांना का नाही विचारलं? ते "नाही" म्हणाले असते तर ती कुठं जाणार होती? आणि "हो" म्हणाले असते, तर विधवेचं मन राखायला म्हणाले असं वाटलं असतं. पुस्तकाचं बरं असतं. ते वाचणाऱ्याचं तोंड बघून बोलत नाही.

म्हणून शिलाई मशीनच्या फळीवर, मोठी कात्री पानांवर आडवी ठेवून ती वाचायची. एक लेखक म्हणे, दार शेवटच्या श्वासापर्यंत उघडं असतं. तिला हायसं वाटायचं, चार पँटी भराभर उरकायच्या. दुसरा म्हणे, मंडळी सोडली त्यानं दार स्वतःच लावून घेतलं. त्या दिवशी जेवण जायचं नाही. तिसऱ्यानं चाळीस पानं खर्चून लिहिलं होतं, की हे देवालाच ठाऊक.

"हे तर मलाही ठाऊक होतं, बाबा," ती पुस्तकाला मोठ्यानं म्हणाली. विनोद बरा झाला होता. हसायला खोलीत कुणी नव्हतं.

फोनवर मुलगी विचारायची, "आई, जेवलीस ना? वाचतेस ना? छान, तेवढंच मन रमतं." ती म्हणायची, हो, रमतं.

वर्षातून एका रविवारी चर्चमध्ये मृतांची नावं वाचली जात. दोन वर्षं ती श्वास रोखून ऐकत बसली. दोन्ही वर्षं त्याचं नाव आलं नाही. रजिस्टरातून खोडलेलं नाव कसं येणार? मंडळीचं उत्तर हेच, असं तिनं धरलं आणि आणखी जाड पुस्तक नेलं.

यंदा त्या रविवारच्या आधी ती पुस्तक परत द्यायला गेली, तर कपाटाशेजारी चीर पाडलेली पुठ्ठ्याची पेटी. घंटावाले काका बाकं पुसत होते.

"ही कसली पेटी, काका?"

"नावांची की. ज्यानं त्यानं आपल्या माणसाचं नाव लिहून टाकायचं. नवे पाळक आल्यापासून असंच आहे."

"मला वाटलं, रजिस्टरातून वाचतात."

"रजिस्टर कोण उघडतंय? चिठ्ठीवर असेल ते वाचायचं."

"मंडळी सोडलेल्या माणसाचं असलं तरी?"

"गेल्या साली एकीनं लहानपणच्या शेजारणीचं टाकलं. ती तर आपल्या मंडळीतली नव्हतीच मुळी!"

ती बाकावर टेकली. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

काका फडकं पिळत राहिले. "महिलांच्या बैठकीत सांगितलं होतं. तुम्ही तिकडं येणं सोडलंत. मी चिठ्ठी घेऊन तुमच्याकडं निघालोही होतो, पण सेक्रेटरी म्हणाले, राहू द्या. बाई एवढ्या वाचलेल्या. मेलेल्यांची नावं घेणं त्यांच्या सिद्धांतात बसत नसणार, चार गोष्टी ऐकवतील. रागावू नका, पण पाळकसाहेबसुद्धा जरा दबकूनच असतात तुम्हाला."

तिला रडावं की हसावं कळेना. त्याच्यासाठी म्हणून तिनं इतकं वाचलं होतं, आणि त्या वाचण्यानंच त्याचं नाव दोन वर्षं बाहेर राहिलं होतं. काकांच्या खिशातली पेन्सिल मागून घेऊन तिनं चिठ्ठी लिहिली.

रविवारी एका तान्ह्या बाळाच्या आणि कुणाच्या तरी आजोबांच्या मध्ये त्याचं नाव वाचलं गेलं. आवाज तोच, जो बाकीच्या नावांना होता. कुणी मान वळवली नाही. पुढच्या बाकावरची बाई पर्समध्ये रुमाल शोधत होती.

दारात पाळकांनी हात हातात घेतला. "तुमच्या यजमानांचं नाव पाहिलं. बरं वाटलं."

मागं माणसांची रांग होती. तरी तिनं विचारलं, "त्यांचं तारण झालं असेल का, साहेब?"

पाळक तरुण होते. "मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले. हात मात्र सोडला नाही, मागची रांग खोळंबली तरी.

ती घरी आली. कपडे न बदलताच खुर्चीत बसून तिनं डोळे मिटले. तो गेल्यापासून ती रोज प्रार्थना करत होती, पण त्यात त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. उगीच देवाचं लक्ष तिकडं जायला नको, असली वेडी भीती. आता सगळ्यांसमोर घेऊन झालं होतं. तिनं ते पुन्हा घेतलं, आणि देवाला त्याच्याबद्दल सांगायला लागली. तापट होता. शब्द पाळायचा. कुणाच्या घरी काम केलं की फरशी पुसूनच निघायचा. घोरायचा फार. सांगता सांगता दुपार उलटली. तिला मध्येच अडवून "अगं, तसं नव्हतं ते," म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून तीच थांबायची, आठवून दुरुस्त करायची, आणि पुढं सांगायची.