तळ्याकाठी माझ्याआधी पोचलेली ताई

तीस वर्षं मी घाटंजीला शाळेत विज्ञान शिकवलं. लिंबातून 'रक्त' काढणं, पाण्याने होम पेटवणं... भोंदूबाबांचे सगळे चमत्कार मी सातवीच्या वर्गात करून दाखवायचे आणि मग त्यामागचं रसायन समजवायचे. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच अंगात येणं, उतारे, नवससायास, सगळं घराबाहेर गेलं होतं. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले, हेही कबूल करते. आता लिहायची पाळी माझ्यावर आली आहे, आणि खरं सांगू? मला त्याचा राग येतोय.

माझी मुलगी पल्लवी अमेरिकेत नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात ती मला ग्वाटेमालाला घेऊन गेली. तिथे आतीतलान नावाचं तळं आहे – डोंगरात, उंचावर, भोवती तीन ज्वालामुखी आणि काठाने माया लोकांची गावं. पण ते बघायची हौस माझी नव्हतीच. ती माझ्या थोरल्या बहिणीची, मुकुटबनच्या शेवंताताईची. पल्लवीने एकदा सुट्टीत तिला फोनवर या तळ्याचे फोटो दाखवले आणि ताई हटूनच बसली, मले इथं न्या म्हणून. पासपोर्टसुद्धा काढून घेतला बाईने. मी मात्र एका लग्नाच्या मांडवात, चार बायकांसमोर तिला सुनावलं की तुला घरची पायरी चढवत नाही, तिथे येऊन आमचीही ट्रिप बुडवशील. ताई न जेवता उठून गेली. त्यानंतर चार महिने आमचं बोलणं बंद. मीही हट्टाने फोन केला नाही.

आम्ही सोमवारी तळ्याकाठच्या मोठ्या गावात उतरलो. मंगळवारी बोटीने पलीकडच्या सान हुआन गावी जायचं ठरलं होतं. तिथल्या बायका कमरेला माग बांधून कापड विणतात, ते बघायला. पण दोन दिवसांच्या विमानप्रवासाने माझं पोट असं बिघडलं की मंगळवार हॉटेलच्या खोलीतच गेला. एवढे पैसे, एवढी दगदग, आणि मी छताकडे बघत पडलेली. शेवटी बुधवारी सकाळी निघालो. सोबत रोसा नावाची गाइड – माझ्यासारखीच रिटायर्ड शिक्षिका, तिथलीच.

धक्क्यापासून गावात खडा चढ आहे. धापा टाकत आम्ही एका विणकरणीच्या अंगणात पोचलो. म्हातारी खाली बसून विणत होती. तिने मला पाहिलं, हातातलं काम थांबवलं आणि सरळ मला रागवायलाच लागली. तिच्या भाषेतलं एक अक्षर मला कळत नव्हतं, पण सूर चांगला ओळखीचा होता. उशिरा येणाऱ्या पोरांशी मी त्याच सुरात बोलायचे.

रोसा गोंधळली. तिने पल्लवीला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पल्लवी माझ्याकडे वळली.

"आई, ती म्हणतेय, तू काल येणार होतीस. तुझी बहीण इथे दिवसभर तुझी वाट बघत बसली होती."

मी हसले. म्हटलं, आपण काल येणार हे रोसाने कळवलंच असणार, आणि कुणीतरी दुसरी भारतीय बाई येऊन गेली असेल. रोसा म्हणाली, कळवलं होतं हे खरं, पण बहिणीचं मला काय माहीत?

तेवढ्यात म्हातारीने डावा हात वर केला आणि करंगळीशेजारचं बोट अर्ध्यात मुडपून दाखवलं.

लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात ताईचं ते बोट अर्धं गेलं. डाव्याच हाताचं. मग म्हातारीने दोन्ही गुडघे चोळून दाखवले. त्या बहिणीला उकडलेलं फळ दिलं, तर तिने मीठ मागून घेतलं म्हणे. आणि मग ती लुगड्याबद्दल बोलायला लागली. विणकरीण ती, तिचा सगळा जीव त्यात – जांभळं कापड, कुठेही शिवण नाही, काठाला पिवळे त्रिकोण. किती लांब ते तिने हात पसरून मोजून दाखवलं. इथे मात्र मला सुटल्यासारखं झालं. ताईकडे जांभळं लुगडं नव्हतंच! चुकली म्हातारी, म्हटलं.

पल्लवी काही ऐकेना. तिने तिथल्या तिथे मावशीला फोन लावून माझ्या हातात दिला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले असतील, ताई आठलाच झोपते. पण पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"आता पोचली का तू?"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? काल दिवसभर बसून राह्यली न मी त्या बाईपाशी. उनानं डोक्सं दुखून गेलं. काहून नाही आली?"

आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, पोट बिघडलं होतं. ती जणू घाटंजीच्या स्टँडवर माझी वाट बघत होती! चार महिन्यांनी बोलत होतो आम्ही. ताईने विचारलं, मंग आता बरं हाय का? मी हो म्हटलं. तिने फोन ठेवून दिला.

परत आल्यावर मी आधी मुकुटबन गाठलं. अंगणात दोरीवर जांभळं लुगडं वाळत होतं. काठाला पिवळे त्रिकोण. ताईची सून म्हणाली, लग्नातून रुसून आल्यावर सासूबाईंनी बाजारातून आणलं. त्या मंगळवारी तेच नेसून संध्याकाळीच झोपल्या, न जेवता. सकाळपर्यंत हलवूनही उठेनात. श्वास नीट चालला होता, तरी डॉक्टरला बोलवायची तयारी झाली होती.

मी वहीत दहा प्रश्न लिहून नेले होते. ज्वालामुखी वगैरे तिने फोटोत पाहिलेले, म्हणून ते वगळले. अंगणाचे विचारले. म्हातारीचा एक डोळा पांढरा हाय, टोपलीखाली कोंबडा झाकलेला – दोन्ही बरोबर. म्हातारीची भाषा कशी समजली, यावर म्हणाली, भाषा कायले पाह्यजे, बसलोच तं होतो. पाचव्या प्रश्नाला कंटाळून चहा ठेवायला उठली.

आता प्रत्येकाकडे उत्तर आहे. पल्लवी म्हणते उंचीवर मेंदूला ऑक्सिजन कमी मिळतो – मग मुकुटबनला काय कमी होतं? आमचे हे म्हणतात योगायोग. शेजारीण म्हणते ताईला कुणाला तरी दाखव. मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने तर आत्मा शरीराबाहेर कसा फिरतो त्याचे तीन व्हिडिओ पाठवले. मी ग्रुपच सोडला.

सगळ्यात वैताग ताईचा. पुढच्या वर्षी खरंच घेऊन जाते म्हटलं, तर म्हणे, पाह्यलं न मी, आता कायले? दोन दिवस विमानात मी ओकले, आणि ही बिनव्हिसाची जाऊन आली.

निघताना मी शेवटचं विचारलं, अगं पण तू तिथे पोचलीस कशी? तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "तूच तं हाक मारली मले."

मी नाही म्हणणार होते. पण खरं असं आहे की त्या सोमवारी गाडीने शेवटचं वळण घेतलं, खाली ते निळं पाणी एकदम उघडं झालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं – ताई, हे पाह्य. गाडीत पल्लवी झोपली होती. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

याला स्पष्टीकरण म्हणत नाहीत, एवढं विज्ञान मला येतं. पण माझ्याकडे दुसरं नाही.