दिवाणातली पाकिटं

बिबवेवाडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका रविवारच्या पेपरातली कुपनं कात्रीने अगदी सरळ कापतात. मग मॉलमधून एकावर एक फुकट मिळेल ते आणून दिवाणात भरतात. अमेरिकेत आयटीत असलेला मुलगा आला की लागेल म्हणून. त्याचं येणं लांबतं, पाकिटांची तारीख संपत येते, आणि काका ती शेजारी वाटून टाकतात. "महिन्याभरात संपवा. उपकार नाहीत," एवढंच बोलतात. मुलाचं कोणी विचारत नाही.

परवा त्यांनी शेवयांची पाकिटं माझ्या हातात ठेवली. मी सवयीने तारीख बघितली. अजून वर्ष होतं.

"काका, या तर टिकतील की."

"टिकतील हो," ते म्हणाले. "तुम्ही खाऊन टाका."