मागे नेलेली खुर्ची

आईचा फोन आला तेव्हा मी पनवेलपासून फार दूर, एका परदेशी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, नसीमामावशींच्याच वर्गाचा आलेख पडद्यावर लावत होते. "नसीमा गेली गं... सकाळी चहा ठेवला आणि तिथेच बसली," आई म्हणाली. पडद्यावरची रेषा वर चढत होती. ती रेषा खरी नाही, हे मावशींना आणि मला, दोघींनाच ठाऊक होते. आता मी एकटीच उरले.

मावशी आमच्या शेजारी राहत आणि पनवेलमधल्याच कर्णबधिर मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवत. आवाज कधीच न ऐकलेल्या मुलाने परकी भाषा केवळ डोळ्यांनी कशी वाचावी, हा प्रश्न त्यांचा. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी तो उचलला. टॅबलेटवर एक इंग्रजी वाक्य, खाली चार चित्रे, योग्य चित्रावर बोट ठेवायचे. चित्रे मावशींनी सुचवली: न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रक, मिठागरे, बकऱ्या. मावशी स्वतः मुलांसमोर खुर्ची घेऊन बसत. दोन महिन्यांत उत्तरे इतकी अचूक येऊ लागली की मी शिष्यवृत्तीचा अर्ज लिहायला घेतला.

एके दुपारी मावशींनी खुर्ची मागच्या भिंतीपाशी नेली. "आज इथून बघते." मुले तीच, वाक्ये तीच. 'बकरी ट्रकच्या मागे आहे' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यातली बकरी सर्वांना ओळखता आली, ट्रकही. पण कोण कोणाच्या मागे, इथे बोटे अडली. मुले माना वळवून मावशींना शोधू लागली. बहुतेक उत्तरे चुकली. योग्य चित्राजवळ बोट आले की मावशींच्या भुवया नकळत उचलल्या जात, एवढेच ते रहस्य होते. मुलांनी फसवले नव्हते. चेहऱ्यांवरूनच ती जग समजून घेत आली होती. ते मोजायचे मी विसरले होते.

मावशी आधी हसल्या. "इतक्या वर्षांत नवऱ्याला माझा चेहरा वाचता आला नाही, आणि ही शैतानं बघ!" मग हसू मावळले. "आजचे आकडे लिहिलेस ना, बेटा?"

"एका दिवसावरून निष्कर्ष काढता येत नाही, मावशी."

"मग उद्या परत घेऊ. परवा पण घेऊ."

"अर्जाची मुदत उद्या संपतेय."

"बरं... तू मोठी हो. पण पुढच्या वर्षी ही दहावीला बसतील, तिथं माझं थोबाड नसणार समोर."

'अपवादात्मक निरीक्षण' अशी नोंद करून मी तो दिवस वगळला. शिष्यवृत्ती मिळाली. निघताना मावशींनी सांदण करून आणले, आकड्यांचा विषय काढला नाही. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते...

त्या गेल्यावर मी तो वगळलेला दिवस मार्गदर्शकांना कळवला. उत्तर अजून आलेले नाही. गेल्या आठवड्यात पनवेलला आले आणि त्या वर्गात गेले. मी परदेशी गेल्यापासून मावशी रोज मागेच बसत, असे नव्या शिक्षिकेने सांगितले. मीही तिथेच बसले. दहावीतली सायली एकेका शब्दाखाली बोट सरकवत होती. ती अडली, एक तळवा दुसऱ्याच्या मागे धरून पाहिला, पुन्हा वाक्याच्या सुरुवातीला गेली. बराच वेळ लागला. मान मात्र एकदाही वळली नाही. उत्तर बरोबर आले.

मग तिने वळून माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. तिला तिथे काय दिसले, हे विचारण्याइतकी तिच्या हातांची भाषा मी कधी शिकलेच नाही.